तिथीची पाऊणपट

मंडळी, पक्षी बघायचे तर पहाटे उठा, असं सगळे सांगतात. किनाऱ्यावर नुसतं उठून भागत नाही, आधी पंचांग उघडावं लागतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब तुमच्यातल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. पौर्णिमेची तिथी 15, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास पुरी सुकती, ओहोटी. तेव्हा पक्षी लांब चिखलावर पांगलेले, दुर्बिणीतही मोहरीएवढे दिसतात. पाणी चढतं तशी त्यांची जागा आक्रसते आणि ते आपणहून आपल्याकडे सरकत येतात. आपण फक्त बसायचं.

म्हणून मी चैत्री पौर्णिमेला अलिबागजवळच्या आक्षीला जातो. आक्षी म्हटलं की लोकांना शिलालेख आठवतो, मला चिखल्या आठवतो, किनाऱ्यावरचा तो छोटा पक्षी. गेल्या खेपेला देवळात हनुमानजन्माचं कीर्तन चाललं होतं आणि मी सुरूच्या सावलीत बूड टेकून बसलो होतो. साडेनवाला एक चिखल्या पंधरा पावलांवर आला. चार पावलं धावला, थबकला, मान तिरकी केली आणि वाळूतून एक किडा ओढायला लागला. हळूहळू, तुटू न देता, शेवयांसारखा. हिवाळाभर हाच पक्षी मातकट असतो, कोणी ढुंकून बघत नाही. आता छाती विटकरी, डोळ्यांवरून काळी पट्टी. लग्नाला निघालाय ना! लग्नघर लडाख-तिबेटकडे. पलीकडे कुरव पक्ष्यांची डोकी चॉकलेटी झालेली, तेही त्याच बाजूचे वऱ्हाडी. बाकदार चोचीचे तुतवार मात्र पार सैबेरियाच्या टुंड्रात जाणार, आणि त्यांचं वजन जेमतेम 60 ग्रॅम.

हे जमतं चरबीवर. निघण्याआधी हे पक्षी खाऊन खाऊन गोल होतात. गॉडविट हा लांब चोचीचा किनाऱ्यावरचा पक्षी तर उडायच्या आधी स्वतःचं पोट-आतडंच आखडून घेतो, ओझं नको म्हणून. 2022 साली अशाच एका पाच महिन्यांच्या पिल्लानं अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर एका दमात कापले, 11 दिवसांत. आपल्याकडचे गॉडविट त्या वाटेचे नव्हेत, पण गणित तेच.

आणि म्हणूनच दहानंतर माझं डोकं फिरतं. भरतीला पुळणीची एवढीशी पट्टी उरते, सगळा थवा तिथे एका पायावर उभा, आणि नेमक्या त्याच पट्टीवरून घोडागाडी. मागून पोरं, पोरांमागे कुत्रा. दीड तासात तो थवा नऊ वेळा उठला, मी मोजलं. बघणारे टाळ्या वाजवत होते, काय सुंदर उडतात म्हणून! सुंदर उडतात खरंच, पण लडाखच्या शिदोरीतलं खाऊन उडतात. फोटोवाल्यांनाही यातून वगळू नका, मीसुद्धा एकेकाळी पोटावर सरकत सरकत थवे उठवलेत.

सव्वाअकराला पाणी थांबलं. मी सुंठवडा तोंडात टाकला.

मग मे महिन्यात पुन्हा गेलो, आंबे आणायला. पुळण रिकामी असेल असं वाटलं होतं. सात चिखल्या होते, सगळे मातकट. गेल्या वर्षीची पिल्लं ही, त्यातली बरीच पहिल्या उन्हाळ्यात जातच नाहीत. लग्नाचं वय नाही, मग कशाला एवढी पायपीट! भर उन्हात चार पावलं धावायचे, थबकायचे.