तीन फेरफार

(पडद्यावर फेरफाराचे तीन उतारे, शेजारी शेजारी)

फेरफार म्हणजे जमिनीचा हक्क बदलला की सरकारी दप्तरात होणारी नोंद. हे तिन्ही उतारे एकाच सर्व्हे नंबरचे. शेत बेलापूर पट्टीतलं, म्हणजे आताच्या नवी मुंबईतलं, खाडीच्या कडेचं, बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेलं. पहिला फेरफार इंग्रजांच्या वेळचा, दुसरा स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाल्यावरचा, तिसरा त्याच्याही नंतरचा. प्रत्येकात कुणा ना कुणाचं नाव कंसात गेलंय, म्हणजे त्याचा हक्क गेलाय. तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला कंसाचा अर्थ सांगावा लागत नाही.

पहिल्यात कंसात आहेत माझे पणजोबा आणि बाहेर सावकार. कारण कर्ज. शेतात राबायचे पणजोबाच, पण आता कूळ म्हणून. खळ्यावरचा खंड, म्हणजे मालकाला द्यायचा पिकाचा वाटा, आधी सावकाराच्या कोठारात जायचा, मग उरेल ते घरी.

सावकाराचं नाव लागलं त्या काळात सरकारकडे आणखी एक कायदा होता. पणजोबांच्या तो कधी कानावरही आला नसेल. १८९४ चा भूसंपादन कायदा. त्याचं मूळ १८५७ च्या सहाव्या कायद्यात आहे. होय, तेच साल. उत्तरेत उठाव पेटला होता आणि इकडे कंपनी सरकार सार्वजनिक कामासाठी जमीन कशी घ्यायची याची कलमं लिहीत होतं. १८९४ ची रीत सरळ आहे. आधी कलम चारची नोटीस, मग सहाची घोषणा, मग दारात नऊची नोटीस, मग अकराचा निवाडा, म्हणजे मोबदल्याचा आकडा. पैसे पटले नाहीत तर अठराखाली कोर्ट. ‘जमीन द्यायची नाही’ असं म्हणायला मात्र कलम नाही. हरकत नोंदवायची सोयसुद्धा जोडली गेली ती १९२३ साली.

(मुळशी धरणाचं पाणी)

तोवर पुण्याजवळच्या मुळशीचे मावळे, म्हणजे मावळातले शेतकरी, थांबले नाहीत. १९२१ च्या रामनवमीला त्यांनी टाटांच्या धरणाचं काम अडवलं. वीज हवी होती मुंबईला, बुडणार होतं मावळ. सेनापती बापट पुढे होते आणि घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. स्वातंत्र्याच्या चळवळीतच हा प्रश्न विचारून झाला होता, हे मी मुद्दाम सांगतोय. नंतर कुणी म्हणू नये की आम्हाला सुचलं नाही.

आणि आपल्या शेजारी, उरण तालुक्यात, २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला. तिथे पोलिसांनी गोळ्या चालवल्या. चिरनेरचा स्मृतिस्तंभ शाळेच्या सहलीत पाहिला होता. तेव्हा वाटलं होतं, हे सगळं संपलेलं आहे.

(दुसरा उतारा, जवळून)

आमच्या घरात सगळ्यांना आवडतो तो हा. सावकार कंसात, आजोबा बाहेर. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कसत होता तो मालक मानला गेला. किंमत हप्त्यांनी फेडायची. आजी सांगायची, पहिला हप्ता भरून आजा घरी आला आणि बोलला काहीच नाही. संध्याकाळी एकटाच बांधावर जाऊन बसला. आमच्या घरात स्वातंत्र्य आलं ते त्या दिवशी. पंधरा ऑगस्टला सावकाराचं भात मोजून झालं होतं.

आजोबांचं नाव तेरा वर्षं टिकलं.

१९७० च्या फेब्रुवारीत अधिसूचना निघाली, मार्चमध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची होती. ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातली पंचाण्णव गावं, भातशेती, मिठागरं, खाजण, सगळं मिळून ३४४ चौरस किलोमीटर. नोटीस चारचीच. कायदा १८९४ चाच. राज्यघटनेच्या ३७२ व्या कलमानं जुने कायदे, बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत, चालू ठेवले होते. रातोरात हजारो कायदे नव्यानं लिहिता येत नाहीत, हे मान्य. पण हा चालू राहिला २०१३ च्या अखेरपर्यंत.

नवी मुंबई व्हायलाच नको होती, असं मी म्हणणार नाही. मी शिकलो ते कॉलेज याच जमिनीवर आहे, आणि हा व्हिडिओ मी ज्या खोलीत बसून जुळवतोय ती खोलीही. पण सुटाबुटातला माणूस मोजणीला आला तेव्हा आजीनं विचारलं होतं, “खोत गेला, सायब गेला, मंग यो कोन आला?” तिला तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही.

(जासई, हुतात्मा स्मारक)

१६ आणि १७ जानेवारी १९८४. जासई आणि दास्तान फाटा. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी माणूस जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरला होता. गोळीबारात पाच जण गेले. चिरनेर आणि जासई एकाच तालुक्यात आहेत, मध्ये त्रेपन्न वर्षं. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीनं कायदा दुरुस्त केला आणि सक्तीच्या संपादनाची दिलासा रक्कम, म्हणजे जमिनीच्या किमतीवर वर मिळणारे पैसे, पंधरा टक्क्यांची तीस टक्के केली. पुढे इथे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत. तो मिळेपर्यंत कित्येकांचे वारस झाले, वारसांचे वारस झाले. गावठाणं तेवढीच राहिली आणि कुटुंबं वाढली. शेजारच्या वाड्यात बांधलेल्या घराला मग ‘गरजेपोटी बांधलेलं’ असं नाव पडलं. आपल्याच गावात, आपल्याच घराला.

(तिसरा उतारा)

आजोबा कंसात. बाहेर ‘महाराष्ट्र शासन’.

आता तिन्ही उतारे परत एकदा बघा. शाई वेगळी, अक्षर वेगळं. खाली उजव्या कोपऱ्यात अधिकाऱ्याचा शेरा आहे. तिन्हींवर एकच: नोंद मंजूर.