यीस्टला शाल नको, ओलं फडकं हवं

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी काढलं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळलं, गार केलं. ते वर्ट आता या बादलीत आहे, 19 लिटर. आणि हे पाकीट, 11.5 ग्रॅम यीस्ट. आज हे त्या वर्टात टाकायचं, एवढंच काम, पण सगळ्यात जास्त बिअर इथेच बिघडते.

आधी एक सांगून टाकतो. मी न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेत 1978 च्या केंद्रीय कायद्याने घरच्यापुरती बिअर बनवायला मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे. तेव्हा तिकडच्या मंडळींनी नुसतं बघा.

तर, पहिल्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं? विरजण! आई दुधात करंगळी बुडवायची, कोमट लागलं की चमचाभर दही, आणि थंडीत पातेल्याला शाल. मीही तेच केलं. जानेवारी होता, बादलीला ब्लँकेट गुंडाळून हीटरशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी एअरलॉक (झाकणावरची पाण्याची नळी, आतला वायू बाहेर सोडते, हवा आत येऊ देत नाही) असा बुडबुडत होता, की मी घरी फोटो पाठवले. महिन्याभराने बाटली उघडली, तर नेलपेंट रिमूव्हरचा वास. सगळी सिंकमध्ये ओतली.

झालं काय, की साखर खाताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. खोली 20 अंशांवर असली, तरी बादलीच्या पोटात 23-24 सहज होतात. वर माझं ब्लँकेट! यीस्ट तापलं की घाईघाईने वाढतं आणि नको ते जड अल्कोहोल करून ठेवतं. पहिले तीन दिवस जपायचे, पुढे थोडं चढलं तरी चालतं.

म्हणून यीस्ट निवडताना चव नंतर, आधी आपली खोली किती गार राहते ते बघा. माझं बेसमेंट 17-18 अंशांवर असतं, तिथे एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट खूश. लागर हा दुसरा प्रकार, त्याच्या यीस्टला 9 ते 13 लागतात. जुना फ्रिज रिकामा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. ज्यांच्याकडे घर तापतं, त्यांच्यासाठी नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे. ते 35 अंशांतही मजेत काम करतं. गव्हाच्या जर्मन बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो ना? त्यात केळंही नसतं, लवंगही नसते. ती यीस्टचीच करामत.

पावाचं यीस्ट चालेल का, हे कोणीतरी विचारणारच. जात तीच, बिअर होईल. पण ते नीट तळाशी बसत नाही आणि चवीचा भरवसा नाही. 40 डॉलरचं सामान घालून यीस्टमध्ये कसली काटकसर?

(बादली जवळून) आता बघा. थर्मामीटर 18 दाखवतोय. 25 असता तर मी थांबलो असतो, गरम वर्टात घाईने टाकायचं नाही. पाकिटावरची तारीख बघितली. कात्री आणि पाकिटाचा कोपरा, दोन्ही सॅनिटायझरमध्ये बुडवले. झाकण लावून बादली गदागदा हलवतो. यीस्टला सुरुवातीला हवा लागते. पण ती आत्ताच, नंतर हवा गेली की बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आता पाकीट कापून फेसावर भुरभुरवायचं. अख्खं! अर्धं पुढच्या वेळेला ठेवू नका. ढवळायचंही नाही. झाकण, एअरलॉक, झालं.

आणि हा माझा जुना टी-शर्ट. ओला करून बादलीला घातला, खाली पाण्याची परात, समोर पंखा. उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतात, तेच.

उद्या सकाळपर्यंत एअरलॉक गप्पच राहील, कधीकधी पूर्ण दिवस. झाकण उघडून डोकावू नका. झोपायच्या आधी टी-शर्ट वाळलाय का, तेवढं बघा.