कुठलोक आला?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, कापसाच्या हंगामात, ग्रामपंचायतीच्या पटांगणात एका निवृत्त ट्रकचालकानं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन.)

मायबाप हो,

गाडी चालवताना मोबाइल, या विषयावर बोला म्हणून सरपंचबाईंनी निरोप धाडला, तेव्हा मी एकच अट घातली. पोट्टे मागं बसले तरी चालतील, त्यांच्या मायबापाला पुढं बसवा. पोट्ट्यांना फोन उचलू नका म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. मला आज फोन लावणाऱ्याशी बोलायचं आहे.

मी ३१ वर्षं ट्रक चालवला. जास्त करून जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यातून, रुईच्या गाठी न्यायचो. २००६ सालची गोष्ट, पौष महिना, पहाटेचे साडेचार. घाटंजीवरून यवतमाळकडे निघालो होतो. दहाचाकी गाडी, मागं ८० गाठी. एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे साडेतेरा टन तर नुसता माल झाला. बटणाचा फोन नवानवाच घेतला होता. तो खिशात वाजला. काढला, घरचा नंबर पाहिला, हिरवं बटण दाबायला गेलो तर अंधारात अंगठ्याला बटण सापडेना. ते सापडून दाबेपर्यंत तीन सेकंद गेले असतील.

काटा पन्नासवर होता. पन्नासच्या वेगात गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते. म्हणजे ४० मीटरच्या वर रस्ता मी डोळे उघडे ठेवून पाहिलाच नाही.

क्लीनर ओरडला, "मामा, बंडी!" समोर बैलगाडी. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा माझा बंपर आणि बंडीचं मागचं टोक यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी जागा होती. बंडीत शिगोशीग कापूस. खाली आखाला कंदील बांधलेला, आणि तो पेटलेला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अपघात झाला असता तर लोक म्हणाले असते की बंडीला उजेड नव्हता. उजेड होता. मी पाहत नव्हतो. धुरेवर एक म्हातारा, आणि मागं कापसावर गोधडी पांघरून सात-आठ वर्षांचं लेकरू झोपलेलं. ते उठलंसुद्धा नाही.

माझे पाय थरथरत होते. सीटखाली पडलेल्या फोनमधून घरच्या बाईचा आवाज येत होता, "कुठलोक आले जी?" म्हणजे, कुठवर पोचलात?

तिचं काय चुकलं? रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता तिचा. माणूस रस्त्यावर असला की घरचा जीव टांगणीला लागतो, म्हणून हा प्रश्न विचारला जातो. मायेपोटीच विचारला जातो. पण त्या मायेनं त्या पहाटे एक लेकरू घेतलं असतं.

आता बरेच पोट्टे मला म्हणतात, मामा, आम्ही फोन हातात धरतच नाही. कानाशी लावतो, वरून दुपट्टा गुंडाळतो, दोन्ही हात हँडलला. त्यांना वाटतं धोका हाताचा आहे. माझी नात यवतमाळला शिकते, तिनं मला एक जुना अभ्यास वाचून दाखवला. १९९७ साली कॅनडातल्या संशोधकांनी टोरोंटो शहरातल्या, अपघात झालेल्या ६९९ वाहनचालकांची फोनची बिलं काढली आणि अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिली. फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट निघाला. आणि हातात न धरता बोलणाऱ्यांनाही त्यात काही फायदा दिसला नाही.

मला हे ऐकून नवल वाटलं नाही. माझा क्लीनर मोठा बोलका होता. सासुरवाडीची, भावकीची, कापसाच्या भावाची, गोष्ट काही संपायची नाही. पण अरुंद पूल आला, समोरून ट्रॅव्हल्स आली, की तो बोलता बोलता मधेच गप्प व्हायचा. मी सांगायची गरजच नव्हती, त्यालाही काचेतून तेच दिसत होतं. पूल ओलांडला की "तर काय सांगत होतो मामा" म्हणून पुन्हा सुरू. फोनवरच्या माणसाला पूल दिसत नाही. तो बोलत राहतो, प्रश्न विचारत राहतो, आणि चालवणाऱ्याचं मन पुलावरून निघून घरी जातं. हात हँडलला असून मग उपयोग काय?

त्यातून आपले रस्ते. या दिवसांत जिनिंगकडं जाणाऱ्या ट्रॉल्या, कितीकांना मागं साधी लाल पट्टी नाही. तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, अचानक रस्त्यावर उडी घेतो. मोटारपंपाची थ्री-फेज लाइट कितीदा रात्रीची असते, म्हणून ओलिताला माणसं मध्यरात्री मोटरसायकलनं वावरात जातात. एकट्या बॅटरीच्या उजेडात पायी चालणारी माणसं वेगळीच. अशा रस्त्यावर पूर्ण लक्ष दिलं तरी कमी पडतं.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, त्यात २०१९ ची दुरुस्ती. हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक चालवण्यात धरलं जातं, पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पण आपल्या पांदणीवर पोलीस उभा नसतो.

आमच्या शेजारच्या गावात एक बाप आहे. त्याचा पोरगा बाजारातून येताना उभ्या ट्रॉलीवर मागून गेला. तेरवी झाल्यावर मी भेटायला गेलो. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "फोन मीच केलता. येतानी युरियाची थैली आणजो, एवढंच सांगाचं होतं." पुढं काही नाही. थैली त्या पोरानं आधीच घेतली होती, गाडीला बांधलेली सापडली.

मी त्याला काय सांगणार होतो? त्याची चूक म्हणावी तर आपण सगळेच रोज तेच करतो. म्हणून मी गावोगाव हे मागत फिरतो. माणूस गाडीवर निघालाय हे माहीत असेल तर फोन लावू नका. चुकून लागलाच, तर पहिला शब्द "गाडीवर आहेस का?" हा असू द्या, आणि हो म्हणाला की तिथंच ठेवा. त्याचंही ऐकू नका, "बोल ना, काही होत नाही" म्हणेल, तरी ठेवा. त्यानं उचलला नाही तर "काऊन उचलत नाही" म्हणून पाच-पाचदा लावू नका. खिशात वाजत राहणारा फोनही लक्ष ओढतो. आणि आलेल्या लेकराला दारातच विचारू नका की फोन का नाही उचलला. नाही उचलला म्हणून त्याला शाबासकी द्या.

आमच्या घरी त्या पहाटेपासून एक रीत आहे. निघताना मी एकदा फोन करायचो, "निघालो." मग थेट दारात. बारा वर्षं, नोकरी संपेपर्यंत, तिनं मधे एकदाही फोन लावला नाही. कितीदा तरी जागून काढल्या असतील तिनं रात्री, मला त्याचा हिशेब नाही.

आता मोटरसायकलनं आलोय. इथून घर २२ किलोमीटर आहे. खाली उतरलो की तिला "निघालो" म्हणतो आणि फोन डिक्कीत टाकतो. चहा मी आल्यावरच ठेवेल ती.