तिथी मार्गशीर्षातली, शिबिर मे महिन्यात

(दृश्य: धान निघालेल्या रिकाम्या बांध्या. मागे जंगल. डांबरी रस्त्यावर एकच सायकल.)

चंद्रपूर जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी. सगळे याला झाडीपट्टी म्हणतात. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि दुपारी गावात कुत्रंसुद्धा बाहेर दिसत नाही. नेमक्या त्याच महिन्यात इथल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, रक्तदान शिबिर भरतं. एका लहान मुलीच्या स्मरणार्थ. मुलीचं आणि गावाचं नाव आम्ही घेत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

मुलगी गेली ती मार्गशीर्षात. मग शिबिर मे महिन्यात का? मुलीच्या आज्यानेही हेच विचारलं होतं. "तिथी सरकवता का जी? तिथी काय बाजाराचा दिवस आहे?"

(दृश्य: घराची ओसरी. खुंटीला लटकलेली दवाखान्याच्या कागदांची पिशवी.)

मुलीला सिकलसेल होता. विदर्भाच्या या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात. हातपाय ठणकतात, ताप येतो, रक्त लवकर तुटतं. लहान मुलांमध्ये आणखी एक धोका असतो. पानथरी, म्हणजे पोटात डावीकडे असणारी प्लीहा, अचानक फुगते, अंगातलं रक्त तिथेच साचतं आणि काही तासांत मूल पांढरंफटक पडतं. तिच्या आईला वॉर्डातल्या सिस्टरने डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून पानथरी चाचपायला शिकवलं होतं. रोज आंघोळ घालताना आई ते बघायची. आजही कॅमेऱ्यासमोर सांगताना तिचा हात आपसूक डावीकडे जातो.

अशा वेळी रक्त लागतं, आणि तेही लगेच. तिचे आईवडील दोघंही सिकलसेलचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण आजार मुलाकडे जाऊ शकतो असे. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. सिकलसेलच्या मुलाला रक्त देताना सिकल नसलेली पिशवी निवडतात. म्हणजे आई समोर उभी आहे, बाप समोर उभा आहे, दोघंही द्यायला तयार आहेत, आणि दोघांचंही चालत नाही. जे रक्त तिला चढलं ते सगळं अनोळखी माणसांचं. एका मे महिन्यात तर बाप भर उन्हात या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत फिरला. पिशवी मिळाली. पण ती दुपार त्याच्या डोक्यातून गेली नाही.

पुढे मुलगी गेली ती छातीच्या संसर्गाने. रक्ताअभावी गेली नाही, हे बाप आवर्जून सांगतो. "लोकांनी दिलं म्हणून एवढे दिवस होती आमच्यापाशी."

(दृश्य: शाळेची पडवी. बचत गटाच्या बाया वही घेऊन बसलेल्या.)

वर्षश्राद्धाला गावजेवण घालायचं नाही, ते पैसे दवाखान्यातल्या मुलांसाठी द्यायचे, असं घरात ठरलं. बचत गटाच्या बायांनी वही घातली. कुणी पैसे लिहिले, कुणी तांदूळ. आणि मग, सगळीकडे होतं तेच झालं. खेळणी आणू, बिस्किटं आणू, दुधाचे डबे नेऊ.

मुलीच्या मावशीने आधी वॉर्डात फोन लावला. हा फोन फार कमी जण लावतात, म्हणून तो इथे जरा सविस्तर सांगतो. सिस्टर म्हणाली, केसाळ बाहुल्या, अस्वलं नका आणू. ती धुता येत नाहीत, एका मुलाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातात आणि सोबत जंतू नेतात. दुधाच्या पावडरचे डबे आणि दूधबाटल्या तर अजिबात नकोत. १९९२ च्या कायद्याप्रमाणे त्या अशा वाटताच येत नाहीत, अनाथालयाचा अपवाद सोडून. मग पाहिजे काय? बादल्या. पाण्याचे मग. झाकणाचे डबे. सुती दुपटी, टोपरी. रात्री मुलाजवळ बसणाऱ्या बाईसाठी चटई. आणि घरी परत जायला एसटीचं भाडं, कारण सुट्टी मिळते त्या दिवशी पुष्कळांच्या खिशात काहीच उरलेलं नसतं.

बादलीवर फोटो छान येत नाही, हे आम्हीही शूटिंग करताना पाहिलं. पण वॉर्डात सगळ्यात आधी बादल्याच उचलल्या गेल्या.

रोख पैसे कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, हेही बायांनी ठरवलं. सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे द्यायचे, पावती घ्यायची आणि ती पावती गावात वाचून दाखवायची.

फोन ठेवता ठेवता सिस्टर म्हणाली, "रक्त देणार असाल तर मे महिन्यात द्या."

(दृश्य: रक्तपेढीतला फ्रिज. काचेआड तांबड्या पिशव्या, प्रत्येकीवर तारीख.)

हिशेब साधा आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ठेवल्या तरी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, साध्या पिशवीत ३५. मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबरच्या आसपास. तेव्हा दिलेलं रक्त फेब्रुवारी सरायच्या आत संपलेलं असतं. थंडीत कॉलेजं सुरू असतात, शिबिरं होत राहतात. मे महिन्यात कॉलेजं बंद, लग्नसराई, ऊन. देणारे आटतात. आणि त्याच वेळी घेणारे वाढतात, कारण उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलची पोरं ठणकत दवाखान्यात येतात.

आज्याला हे पटायला वेळ लागला. शेवटी त्यानेच तोडगा काढला: पान वाढायचं ते घरी, मार्गशीर्षातच. शिबिर मे महिन्यात.

पण मे महिन्यातही दिवस कोणता? तेंदूपत्त्याचे दिवस. माणसं पहाटे अंधारातच जंगलात जातात, वाघाची भीती असते म्हणून घोळक्याने. दुपारी घरी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, न्यायचे. अशा थकलेल्या, घामाने सुकलेल्या माणसाचं रक्त घेणं बरं नाही. म्हणून फळी उठल्यावर आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी, मधले जे चार दिवस सापडतात त्यातला एक. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, त्यामुळे वर्ग मोकळे असतात.

(दृश्य: सकाळी सात. वर्गातले बाक भिंतीला लावलेले. खाटा, पंखा, रांजण.)

आधी बोटाला टोच. तो थेंब निळ्या पाण्यात सोडतात. शेतकऱ्याला हे पाणी ओळखायला सांगावं लागत नाही. मोरचूद आहे, फवारणीतलं. थेंब बुडाला तर पास, तरंगला तर परत. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, वजन ४५ किलो, वय १८ ते ६५. रांगेतले सगळे त्या काचेच्या भांड्यावर वाकून बघतात. एका दांडग्या गड्याचा थेंब वर तरंगत राहिला, तेव्हा जो हशा पिकला तो आम्ही कापला नाही, त्याच्या परवानगीने.

बायांचे थेंब जास्त तरंगतात. हे हसण्यासारखं नाही. आशाताई आता होळीपासूनच लोहाच्या गोळ्यांसाठी बायांच्या मागे लागते. पुरुषाने दोन वेळा देण्यात ९० दिवस, बाईने १२० दिवस अंतर ठेवायचं असतं, तेही तीच वहीत लिहून ठेवते.

एक पिशवी साडेतीनशे मिलिलिटरची. पाच-सात मिनिटांत भरते. पुढे तिची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होते, पेशी वेगळ्या काढतात. लहान मुलाला वजनाप्रमाणे थोडंच रक्त लागतं, त्यामुळे एका पिशवीतल्या तांबड्या पेशी दोन-तीन पोरांना वाटून देता येतात. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बापाने पुन्हा विचारलं, "एकीतून तीन?"

शिबिरात भेटवस्तू नाही. काही ठिकाणी बॅगा, हेल्मेटं वाटतात. इथे पन्हं आणि केळं. मला हे बरं वाटलं. वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवू शकतो.

(दृश्य: झाडाखाली बैठक. शेजारच्या गावची माणसं आलेली.)

आता शेजारच्या गावाला यात सामील व्हायचं आहे, त्याच दिवशी. बायांनी नाही म्हटलं. सगळं रक्त एकाच दिवशी आलं तर एकदमच शिळं होईल. तुम्ही सहा आठवड्यांनी घ्या.

सहा आठवड्यांनी म्हणजे जुलै, धान रोवणीचे दिवस. शेजारचे सरपंच हसले. "रोवणीत माणूस कोण देईल बाई?"

"पाऊस लांबला की रोवणी थांबतेच ना जी," मावशी म्हणाली. "त्या दिवशी बोलवा. रक्तपेढीला मी सांगून ठेवते."

तारीख अजून ठरलेली नाही. दोन्ही गावांची माणसं वही उघडून बसली आहेत.