तिजोरीतला किलो

(दृश्य: आठवडी बाजार. तागडी. लोखंडी वजन उलटं धरलेला हात.)

हे एक किलोचं वजन. लोखंडी, सहाकोनी, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेलं. उलटं केलं की पोटात शिसं दिसतं आणि त्यावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का.

शिक्का मारण्याआधी हे वजन कार्यकारी मानकाशी, म्हणजे त्याहून अचूक अशा नमुना वजनाशी, ताडून बघतात. कार्यकारी मानक दुय्यम मानकाशी, दुय्यम मानक संदर्भ मानकाशी, आणि तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. तिथं भारताचा किलोग्रॅम आहे, क्रमांक ५७. २०१९ पर्यंत ही वाट आणखी पुढं जायची, थेट पॅरिसजवळच्या सेव्रला, तळघरातल्या एका तिजोरीपाशी.

(दृश्य: काचेच्या हंड्यांखालची प्रतिकृती. हळूहळू जवळ.)

तिजोरीत आम्हाला जाता आलं नाही. ही प्रतिकृती बघा. उंची ३९ मिलिमीटर, व्यासही तेवढाच. ९० टक्के प्लॅटिनम, १० टक्के इरिडियम. तिजोरीला तीन किल्ल्या, तीन वेगवेगळ्या माणसांकडे. १८८९ साली ठरलं की किलोग्रॅम म्हणजे हा धातूचा गट्टू. त्याच्यासारखा किंवा त्याच्याएवढा नव्हे. हाच.

त्याची आंघोळ मात्र बघण्यासारखी. इथर आणि अल्कोहोलमध्ये भिजवलेलं मऊ कातडं हातानं फिरवायचं, मग दोनदा ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्याची वाफ द्यायची. एवढे लाड झाल्यावरच तो तराजूवर चढायचा, तेही शंभर वर्षांत मोजक्या वेळा.

(दृश्य: जुने आलेख. रेषा फाकत जातात.)

१९८८ ते १९९२ या काळात त्याच्या जगभरच्या भावंडांशी तुलना झाली. शंभर वर्षांत बहुतेकांशी फरक पडला होता, साधारण ५० मायक्रोग्रॅमचा. बोटाचा ठसा उमटला तर वजन वाढेल, जेमतेम तेवढाच. पण झिजलं कोण आणि फुगलं कोण? सांगता येईना. व्याख्येनुसार तिजोरीतला गट्टू चुकूच शकत नव्हता! आणि न्यूटन, ज्यूल, अँपिअर, मोल, या सगळ्या एककांचे दोर त्याच्याच खुंटीला बांधलेले.

(दृश्य: किबल तराजू. तांब्याची कॉइल.)

ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये या यंत्राची कल्पना मांडली. चुंबकीय क्षेत्रात तारेची कॉइल टांगलेली असते. तिच्यातून वीज सोडायची, वजन बरोबर तोललं जाईल एवढीच. मग वजन काढून घ्यायचं, तीच कॉइल ठरावीक वेगानं हलवायची आणि तिच्यात किती व्होल्टेज तयार होतं ते मोजायचं. त्या खोलीतलं गुरुत्वाकर्षणही मोजावं लागतं, ते मजल्यागणिक किंचित बदलतं. विजेची ही मापं क्वांटम परिणामांच्या आधारानं घेतात, आणि तिथूनच प्लांकचा स्थिरांक, निसर्गातला एक कधीच न बदलणारा आकडा, या हिशेबात शिरतो. तो ना झिजतो, ना त्याला धूळ लागते. कुलूप तर नाहीच.

(दृश्य: व्हर्सायचं सभागृह. देशांच्या पाट्या. टाळ्या.)

१६ नोव्हेंबर २०१८. किलोग्रॅमची व्याख्या बदलायची का, यावर एकेका देशाचं नाव पुकारलं जातंय, होकार येतोय. प्लांकचा स्थिरांक कायमचा ठरवून टाकला: ६.६२६०७०१५ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात, ज्यूल-सेकंद. किबल दोन वर्षं आधीच गेले होते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची या आकड्यावर बेतलेली नवी व्याख्या लागू झाली. आता पुरेशी यंत्रसामग्री असेल त्या कुठल्याही प्रयोगशाळेला किलोग्रॅम स्वतः उभा करता येतो, पॅरिसची परवानगी न काढता.



(दृश्य: पुन्हा प्रतिकृती. मग बाजार, तागडीत कांदे.)

सेव्रचा गट्टू अजून त्याच तिजोरीत आहे, त्याच हंड्यांखाली. त्याचं वजन किती भरतं, ते आता त्यालाही तोलूनच बघावं लागतं.