भुईआवळी आणि रॅटचं यकृत

पावसाळा लागला की गोव्यात गडग्याच्या कडेने, परसातल्या ओल्या मातीत भुईआवळी उगवते. काविळीवर तिचा रस देण्याची रीत जुनी आहे. ती यकृताला खरंच वाचवते का, हे तपासायचं तर आधी हातातलं झुडूप तपासायला हवं. फायलँथस युरिनारिया तिच्यासारखीच दिसते, पण तिची फळं खरखरीत आणि जवळजवळ बिनदेठाची. फायलँथस अमारस म्हणजे आपली भुईआवळी; तिची फळं गुळगुळीत, बारीक देठावर लोंबणारी. इथे गल्लत झाली तर पुढचं सगळं काम भलत्याच वनस्पतीवर होतं.

पावसाळी हवेत पाला सावलीत नीट वाळत नाही, बुरशी धरतो. म्हणून तो 40 अंशांवर ट्रे ड्रायरमध्ये वाळवायचा, भुकटी 70 टक्के अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळून अर्क आटवायचा.

प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते. 150 ते 200 ग्रॅमचे विस्टर जातीचे प्रयोगशाळेतले रॅट, एका गटात 6. एक गट निरोगी, एकाला फक्त पॅरासिटामोल, म्हणजे मोठ्या मात्रेत यकृताला इजा करणारं तापाचं औषध, एकाला तुलनेसाठी सिलिमरिन हे यकृतासाठी वापरलं जाणारं औषध, दोघांना अर्काच्या दोन मात्रा. नुसता अर्क मिळणारा गट पुष्कळदा वगळतात. तो हवाच, कारण अर्कच यकृताला त्रास देत असेल तर ते एरवी कळणार कसं? पिंजऱ्यातलं तूस दमट हवेत लवकर ओलं होतं, अमोनिया साचतो आणि रॅटची श्वासनलिका बिघडते. ते वरचेवर बदलावं लागतं.

सात दिवस अर्क दिल्यावर पॅरासिटामोल, किलोमागे 2 ग्रॅम. म्हणजे 200 ग्रॅमच्या रॅटला 400 मिलिग्रॅम, 2 मिलिलिटर द्रवातून, गोल टोकाच्या सुईने थेट जठरात. ही भुकटी विरघळत नाही, तळाशी बसते. बाटली दर वेळी हलवली नाही तर पहिल्या रॅटला पातळ पाणी मिळतं आणि शेवटच्याला दाट गाळ. एकाच गटातले आकडे विस्कटतात ते पुष्कळदा इथेच.

यकृतातलं सीवायपी 2ई1 हे एन्झाइम पॅरासिटामोलच्या काही भागाचं विष बनवतं आणि पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य ते निकामी करतं. ग्लुटाथायोन संपलं की पेशी मरतात. उपाशीपोटी ते आधीच कमी असतं, म्हणून उपवासाचे तास सगळ्या गटांना सारखे हवेत.

ठरलेल्या वेळी भूल देऊन रक्त घेतलं जातं आणि त्याच्या सीरममधली, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवातली, एएसटी आणि एएलटी मोजतात; यकृताच्या पेशी मेल्या की ही एन्झाइमं रक्तात वाढतात. सीरम गुलाबी दिसलं तर लाल पेशी फुटल्या आहेत. त्यांच्यातलं एएसटी सीरममध्ये उतरतं आणि आकडा खोटाच फुगतो. अशा नमुन्यावर निष्कर्ष काढू नये.

आता यकृत. निरोगी यकृत गडद तांबूस, तकतकीत. विषबाधा झालेलं फिकट, ठिपक्याठिपक्यांचं. सूक्ष्मदर्शकाखाली पाच मायक्रॉन जाडीच्या कापात मध्यशिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या दिसतात, कारण सीवायपी 2ई1 तिथेच सर्वांत जास्त असतं.

आणि म्हणूनच खरा पेच इथे आहे. अर्काने हे एन्झाइमच रोखलं, तर विष तयारच होत नाही. एएलटी खाली येतं, पण यकृत सावरलं असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी आणखी एक गट लागतो, ज्याला अर्क विषानंतर काही तासांनी मिळतो. काचपट्ट्यांवर गटाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पॅथॉलॉजिस्ट सगळ्या पट्ट्यांना गुण देऊन होईपर्यंत क्रमांकांची यादी पाकिटात बंद राहते.