पीटची दलदल सावरली, हे कशावरून ओळखायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांना ऑर्किडची हौस आहे, त्यांच्या घरी फिकट पिवळसर, कोरड्या तंतूंची एक पुडी हमखास सापडते. रोपवाटिकेत ती ‘स्फॅग्नम मॉस’ या नावाने मिळते. माझ्याही खिडकीत एक असते. त्यातले मूठभर मॉस पाण्याच्या वाटीत टाकले की ते बघता बघता फुगते, आणि बाहेर काढून पिळले तर मुठीतून धार लागते. आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी ही चिमुकली वनस्पती धरून ठेवते. तिचे पान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यामागचे कारण कळते. पानाची जाडी एकाच पेशीची असते. हिरव्या, अरुंद, जिवंत पेशींची एक जाळी असते आणि त्या जाळीच्या प्रत्येक घरात एक मोठी, मेलेली, रिकामी पेशी असते, जिच्या भिंतीला बारीक छिद्रे असतात. या मेलेल्या पेशी म्हणजेच त्या वनस्पतीच्या पाण्याच्या टाक्या. स्फॅग्नमला मुळे नसतात. ते शेंड्याकडे वाढत राहते आणि खालच्या बाजूने मरत जाते.

आजच्या भाषणाचा विषय या मेलेल्या भागापासून सुरू होतो. थंड प्रदेशातल्या दलदलींमध्ये तो पाण्याखाली दबला जातो. तेथे प्राणवायू पोचत नाही, शिवाय स्फॅग्नम स्वतःच भोवतालचे पाणी आम्ल करून टाकते, त्यामुळे कुजण्याची क्रिया जवळजवळ थबकते आणि अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा तपकिरी थर वर्षानुवर्षे चढत राहतो. हेच पीट. त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी वाढतो. शिवराज्याभिषेकाच्या वर्षी, म्हणजे १६७४ मध्ये, साठू लागलेला थर आज जेमतेम फूटभर भरेल. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी सुमारे तीन टक्के जमीनच पीटची आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक कार्बन या तीन टक्क्यांत साठलेला आहे. दलदल कोरडी पडली की त्या थरात हवा शिरते, हजारो वर्षे थांबलेले कुजणे पुन्हा सुरू होते आणि साठा कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जाऊ लागतो. म्हणूनच बिघडलेल्या दलदली सावरण्याचे काम आज अनेक देशांनी हाती घेतले आहे. ते काम साधले की नाही, हे ठरवायचे कसे, हा प्रश्न मला त्या कामाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो समजून घेण्यासाठी आपण कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जाऊ.

कॅनडात पीटच्या जमिनी सुमारे अकरा लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या आहेत. त्यांतला अगदी थोडा भाग बागकामासाठी लागणारे पीट काढण्यासाठी वापरला जातो, परंतु जेथे ते काढले जाते तेथे मागे जे उरते ते पाहून मन विषण्ण होते. आधी साधारण तीस-तीस मीटरवर चर खणून दलदलीतले पाणी काढून देतात. वरचा जिवंत थर खरवडून टाकतात. मग उन्हाळ्यात पृष्ठभाग कुळवून, उन्हात वाळवून, वरचा भुसभुशीत थर मोठ्या यंत्रांनी ओढून घेतात. अशी वर्षे गेल्यावर उरते ते काळपट, सपाट, उघडे मैदान, ज्यात बी नाही, मॉसचा तुकडा नाही आणि ओलावा टिकवणारा वरचा सैल थरही नाही. उरलेले जुने पीट घट्ट असते. ते पाणी इतके आवळून धरते की मुळे नसलेल्या स्फॅग्नमला ते मिळतच नाही. उन्हाळ्यात हा काळा पृष्ठभाग तापतो, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी त्यात बर्फाच्या सुया उभ्या राहून रुजू पाहणारी रोपे उपटून टाकतात.

येथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. यंत्रे येण्यापूर्वी क्वेबेकमध्ये पीट हाताने, विटांसारखे तुकडे कापून काढत असत. मजूर वरचा जिवंत थर कापून शेजारच्या, आधीच रिकाम्या झालेल्या खंदकात टाकून देत. टाकणाऱ्याच्या मनात काही नसेल, पण त्या फेकलेल्या थराबरोबर मॉसचे तुकडे आणि बिया खंदकात जात, आणि म्हणूनच असे काही खंदक पुढे आपोआप स्फॅग्नमने भरले. यंत्राने काढलेल्या मैदानांत असे घडले नाही. रिव्हिएर-द्यु-लू या शहराजवळच्या बुआ-दे-बेल येथील दलदलीत पीट काढणे १९८० मध्ये थांबले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके ती जागा आपल्या पद्धतीने सावरायला मोकळी होती, आणि तरीही तेथे विरळ झुडपे, थोडी बर्चची झाडे आणि पुष्कळ उघडे पीट एवढेच होते. स्फॅग्नम जवळजवळ नव्हतेच. निसर्गाला एकटे सोडले की तो सगळे नीट करतो, असे आपण सहज बोलून जातो, पण येथे ते खरे ठरले नाही.

१९९९ च्या शरद ऋतूत लाव्हाल विद्यापीठातील लीन रोशफोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जागेचा सुमारे आठ हेक्टरांचा भाग पुनर्स्थापनेसाठी हाती घेतला. त्यांची पद्धत ऐकल्यावर मला दुधाला विरजण लावण्याची आठवण झाली. शेजारच्या निरोगी दलदलीतून वरचा सुमारे दहा सेंटिमीटरचा जिवंत थर आणायचा आणि दहापट मोठ्या क्षेत्रावर पातळ पसरायचा. त्यावर हेक्टरी सुमारे तीन हजार किलो पेंढा अंथरायचा, म्हणजे मॉसच्या तुकड्यांवर सावली राहते आणि ओल टिकते. आपले शेतकरी ज्याला आच्छादन म्हणतात तेच हे. मग थोडे स्फुरदयुक्त खत द्यायचे, ते स्फॅग्नमसाठी नव्हे, तर पॉलिट्रिकम नावाच्या दुसऱ्या, काटक मॉससाठी, जे लवकर उगवून माती धरून ठेवते आणि दाईसारखे स्फॅग्नमला आधार देते. या सर्वांबरोबर चर बांध घालून अडवायचे. ते अडवले नाहीत, तर पुढचे सगळे व्यर्थ जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोन-तीन वर्षांनी मैदान हिरवे दिसू लागते. दुरून काढलेल्या छायाचित्रात तर फारच हिरवे दिसते. परंतु पडीक जमिनीवर तण माजले तरी ती हिरवीच दिसते. म्हणून पहिला प्रश्न असा, की हे हिरवे कोणाचे आहे?

त्याचे उत्तर गुडघे टेकून शोधावे लागते. शास्त्रज्ञ जमिनीवर पंचवीस सेंटिमीटर बाजूची एक छोटी चौकट ठेवतात. तिच्यातला पेंढा हळूच बाजूला सारतात आणि आतले किती क्षेत्र स्फॅग्नमने झाकले आहे, किती पॉलिट्रिकमने, किती उघडे पीट आहे, याचा टक्क्यांत अंदाज लिहून ठेवतात. अशा अनेक चौकटी, ठरलेल्या जागी, वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात. काम सोपे नाही. कोरड्या दिवशी स्फॅग्नम फिके, जवळजवळ पांढरे पडते आणि पावसानंतर तेच हिरवे किंवा तांबूस दिसते. दोन माणसांचे अंदाज जुळत नाहीत. आणि त्यातल्या दोन जाती वेगळ्या ओळखायच्या तर पुष्कळदा पान सूक्ष्मदर्शकाखालीच न्यावे लागते. पण या वाकून केलेल्या मोजणीला पर्याय नाही. झुडपे आणि गवते वाऱ्याने आलेल्या बियांतूनही उगवतात; दलदलीचे शरीर घडवणारे मॉस तेथे टिकले की नाही, हे चौकटीतच दिसते.

पूर्व कॅनडात याच पद्धतीने सावरलेल्या दलदलींचा अभ्यास करताना संशोधकांना तीन प्रकारचे शेवट दिसले. काही ठिकाणी स्फॅग्नमचा गालिचा जमला, काही ठिकाणी पॉलिट्रिकमच वरचढ राहिले, तर काही ठिकाणी पीट उघडेच राहिले. अशा अभ्यासांपैकी एकात त्रेपन्न, म्हणजे ५३ दलदली तपासल्या गेल्या. मधला प्रकार मला विशेष विचार करायला लावतो. दाई बाळाला सांभाळते तोवर ठीक, पण वर्षे गेली तरी घरात दाईच दिसत असेल आणि बाळ दिसत नसेल, तर काहीतरी चुकले आहे. पॉलिट्रिकमला मुळांसारखे धागे असतात आणि आतून पाणी वर नेण्याची सोयही असते, त्यामुळे स्फॅग्नम सुकते तेथेही ते तग धरते. त्याचे वर्चस्व दीर्घकाळ टिकले, तर जमीन अजून पुरेशी ओली नाही, असा संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न तुलनेचा आहे. उजाड मैदानाशी तुलना केली, तर कोणतेही हिरवे यशच वाटेल. म्हणून तीन जागा एकत्र पाहाव्या लागतात: सावरलेली, तशीच सोडलेली आणि कधीच न छेडलेली. बुआ-दे-बेलमध्ये एक पट्टा मुद्दाम न सावरता ठेवला गेला, आणि जवळच निरोगी दलदलही होती. अशा तुलनेत वनस्पतींची गणना त्यांच्या मूळ घरानुसार करता येते. कोणती खऱ्या पीटच्या दलदलीतली, कोणती कुठल्याही पाणथळीतली, कोणती जंगलातली आणि कोणती निव्वळ तणाची? अडवलेल्या चरांमध्ये तेथे पाणकणीस उगवले. आपल्या ओढ्या-तळ्यांच्या काठी वाढणारे हे पाणकणीस पाणथळीचेच आहे, पण अन्नद्रव्यांची श्रीमंती त्याला आवडते. खऱ्या, गरीब आणि आम्ल दलदलीत त्याचे घर नाही. उलट दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती तेथे दिसली, तर आनंद व्हावा. तिची भावंडे आपल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात लाल चिकट थेंब चमकवत बसलेली अनेकांनी पाहिली असतील. जमिनीत नत्र फारच कमी असेल, तेथेच कीटक पकडून पोट भरण्याची ही युक्ती फायद्याची ठरते, आणि पीटच्या दलदलीतली गरिबी ही तिच्या प्रकृतीची खूण असते. लॅब्राडॉर टी, लेदरलीफ यांसारखी खुजी झुडपे आणि कापसाच्या बोंडासारखे पांढरे झुपके धरणारे इरिओफोरम यांचीही तेथे नोंद होते, पण त्यांच्या संख्येवर हुरळून जाऊ नये. यांपैकी काही तर कोरड्या पडलेल्या, सोडून दिलेल्या मैदानातही तग धरतात.

या कसोट्या जशाच्या तशा सगळीकडे लावता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतानमध्ये भाताची शेती वाढवण्यासाठी १९९५ नंतर सुमारे दहा लाख हेक्टर क्षेत्रात हजारो किलोमीटर कालवे खणले गेले, आणि १९९७ मध्ये त्या कोरड्या पडलेल्या पीटला भयंकर आगी लागल्या. तेथले पीट मॉसचे नव्हे, झाडांच्या खोडा-मुळांचे बनलेले आहे. तेथे कालवे अडवल्यावर शोध घ्यायचा तो दलदलीत वाढणाऱ्या स्थानिक झाडांचा. राखेवर सर्वांत आधी माजणाऱ्या नेच्यांची हिरवाई तेथेही फसवते.

क्वेबेककडे परत येऊ. बुआ-दे-बेलच्या सावरलेल्या भागात स्फॅग्नम टिकले, पसरले आणि त्याचा सलग गालिचा झाला. पण दहा वर्षांनी पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली, जी वरून पाहणाऱ्याच्या लक्षातच आली नसती. नवे मॉस सैल, जुने पीट घट्ट. त्यामुळे कोरड्या दिवसांत खालचे पाणी वरच्या थरात नीट चढत नव्हते. दोन्ही थर एकावर एक होते, पण एकजीव झाले नव्हते. नवा थर जाड होऊन त्याचा तळ दबत, कुजत जाईल तसतसा हा सांधा जुळेल, अशी अपेक्षा आहे. म्हणूनच चौकटीतल्या टक्क्यांबरोबर खोलीही मोजावी लागते. एक वाकवलेली तार मॉसमध्ये घट्ट रोवायची आणि दर हंगामात तिचा किती भाग उघडा राहिला ते पाहायचे. तार जितकी बुडत जाईल तितके मॉस वर चढले, असा साधा हिशेब आहे. चौदा वर्षांनंतर तेथे मनोऱ्यावरच्या उपकरणांनी हवेत जाणारा आणि हवेतून येणारा कार्बन मोजला गेला, तेव्हा ती जागा वर्षाच्या हिशेबात कार्बन सोडण्यापेक्षा अधिक साठवत असल्याचे आढळले. एके काळी यंत्रांनी पीट ओढून नेलेले तेच मैदान आता पुन्हा पीट घडवू लागले होते.

तरीही त्याच्या जुन्या चरांमध्ये पाणकणीस उभे होते.